हिंगोली जिल्ह्यातील इतिहास व कला अध्यापनाची स्थानिक साधने : शोध, चिकित्सा आणि उपयोजन

प्रस्तावना

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दस्तऐवजांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्दप्रयोग गावच्या चावडीपर्यंत पोचला. आरक्षणाच्या प्रश्नाची गुणावगुणी चर्चा हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही. त्याचा निर्णय शासन व न्यायालये करतील. परंतु या घडामोडीने इतिहासाच्या अध्यापकासमोर एक अडचणीचा प्रश्न उभा केला आहे. ज्या कागदांवर विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे भवितव्य अवलंबून आहे असे त्याला वाटते, ते कागद कोणते, कोणी लिहिले, कोणत्या भाषेत व लिपीत लिहिले आणि आज कोठे आहेत, हे त्याने वर्गात विचारले तर त्याला समाधानकारक उत्तर मिळेल काय?

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येईल, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गॅझेट म्हणजे शासनाच्या आदेशांचे राजपत्र आणि गॅझेटियर म्हणजे प्रदेशाचे विवरणपुस्तक, हा साधा भेदही आपण वर्गात क्वचितच सांगतो. ग्रामीण महाविद्यालयातील इतिहासाचा विद्यार्थी आजही मुख्यतः परीक्षोपयोगी पुस्तिकांवर अवलंबून असतो. त्या पुस्तिकांत हिंगोलीचे नाव येत नाही. परिणामी इतिहास हा दिल्ली, पुणे किंवा पॅरिस येथे घडलेला असून आपल्या गावाला तो नाही, अशी त्याची नकळत समजूत होते. ‘साधने उपलब्ध नाहीत’ ही आपली नेहमीची सबब या समजुतीला बळ देते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हिंगोली जिल्ह्यात इतिहास व कला शिकविण्याच्या साधनांची उणीव नाही. ती साधने विखुरलेली आहेत, आणि ती का विखुरली हे समजून घेणे हाच त्यांच्या शोधाचा पहिला पाठ आहे. दुसरे असे की, कोणतेही साधन एकटे वर्गात नेऊ नये. त्याच्याशी जुळणारे किंवा त्याला छेद देणारे दुसरे साधन सोबत ठेवले तरच विद्यार्थ्यास इतिहासाची पद्धत कळते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

सदर निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) हिंगोली परिसराच्या इतिहासाची साधने कोणत्या कारणांनी व कोठे विखुरली याचा शोध घेणे, (२) ताम्रपट, वास्तू, संतसाहित्य, वसाहतकालीन ग्रंथ व मौखिक परंपरा या पाच प्रकारच्या साधनांची प्रत्येकी एका उदाहरणाद्वारे चिकित्सा करणे, (३) त्यांच्या अध्यापनातील वापराची व्यवहार्य दिशा सुचविणे. विवेचनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून ते प्रामुख्याने प्रकाशित साधनांवर आधारलेले आहे.

साधने विखुरली कशी?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. त्यामुळे १९९९ पूर्वीच्या कोणत्याही सूचीत ‘हिंगोली जिल्हा’ असा शोध घेणाऱ्यास काहीही सापडणार नाही. १९६७ चे जिल्हा गॅझेटियर परभणीच्या नावे आहे. जुन्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांतही हा प्रदेश परभणीखालीच पाहावा लागतो.

त्यामागील थर अधिक गुंतागुंतीचा आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. संस्थानच्या मध्यवर्ती कारभाराचे दप्तर साहजिकच हैदराबादेत राहिले व ते आज तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात पाहावे लागते. महाराष्ट्राकडे आलेल्या कागदांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेख कार्यालय, जिल्ह्याचे अभिलेख कक्ष आणि तहसील कचेऱ्या यांच्याकडे वळावे लागते. शिवाय हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी १९०३ सालापर्यंत होती. तिच्याशी संबंधित पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनमध्ये शोधावा लागतो. म्हणजे एका तालुक्याच्या गावाचा इतिहास चार-पाच शहरांत वाटला गेला आहे.

भाषा व लिपी यांचा प्रश्न याहून कठीण आहे. संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली. महसुलाचे व न्यायालयाचे कागद उर्दूत, कुलकर्ण्याचे हिशेब मोडीत आणि रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार इंग्रजीत, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. आज तिन्ही वाटा चालू शकणारा अध्यापक दुर्मीळ आहे. निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) यांनी प्रशासकीय सेवेत राहून फारसी व उर्दू साधनांचा उपयोग केला, गोंडी भाषेचा अभ्यास केला आणि पुढे राज्याच्या गॅझेटियरच्या कामातही भाग घेतला. मराठवाड्याच्या इतिहासाला कोणत्या प्रकारचा अभ्यासक लागतो, याचा हा आपल्याच मातीतील वस्तुपाठ होय. सर्वांना पगडी होता येणार नाही. परंतु एका महाविद्यालयात मोडी जाणणारा एक आणि उर्दू जाणणारा एक अध्यापक असावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. उर्दू विभागातील सहकारी किंवा गावातील उर्दू माध्यमाचे निवृत्त शिक्षक ही या बाबतीत आपल्या हाताशी असलेली, पण सहसा न वापरलेली मदत आहे.

गावपातळीवरील कागद तुलनेने जवळ आहेत. शाळेची दाखल-खारीज नोंदवही, जन्म-मृत्यूच्या नोंदी, मराठवाड्यातील १९५०च्या दशकातील खासरा पाहणीपत्रक, ग्रामपंचायतीची ठरावबुके ही सर्व इतिहासाची साधने आहेत. जुन्या दाखल-खारीज नोंदवहीवरून गावात मुली शाळेत कधी येऊ लागल्या, कोणत्या समाजाची मुले कोणत्या इयत्तेत शाळा सोडत होती, हे विद्यार्थी स्वतः मोजू शकतो. येथे एक पथ्य आवश्यक आहे. अशा नोंदींतून व्यक्तींची नावे व जाती उघड होतात. म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी आणि प्रकल्पात केवळ आकडे द्यावेत, नावे देऊ नयेत.

वाशीमचा ताम्रपट : वाटेवरचा प्रदेश

प्राचीन इतिहास शिकविताना हिंगोलीसाठी सर्वांत उपयुक्त साधन जिल्ह्याबाहेर, लगतच्या वाशीम येथे सापडले. १९३९ मध्ये प्रकाशात आलेला वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट हा तो लेख होय. वाकाटकांची वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथे स्वतंत्र शाखा होती, ही गोष्ट या ताम्रपटामुळेच अभ्यासकांना समजली. राजाच्या सदतिसाव्या राज्यवर्षात दिलेल्या या दानपत्रात नांदीकटाच्या उत्तर मार्गावरील आकासपद्द हे गाव ब्राह्मणांना दिल्याचे नमूद आहे. नांदीकट म्हणजे नांदेड, असे वा. वि. मिराशी यांनी मानले आहे.

नकाशा उघडल्यास नांदेडहून वाशीमकडे जाणारी वाट आजच्या हिंगोली परिसरातूनच जाते. दीड हजार वर्षांपूर्वी या वाटेचा प्रशासकीय विभाग म्हणून उल्लेख होतो, ही बाब विद्यार्थ्याला आपल्या गावाकडे पाहण्याची वेगळी दृष्टी देते. लेखाचा वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा व्यवहारी भाग प्राकृतात आहे. दरबारची प्रतिष्ठा एका भाषेत आणि गावाचा कारभार दुसऱ्या भाषेत, ही रीत पुढे निजामाच्या काळातही वेगळ्या स्वरूपात दिसते. प्राचीन व आधुनिक हे दोन घटक एका प्रश्नाने जोडण्याची संधी येथे आहे. वर्गात मिराशींच्या ‘कॉर्पस’च्या पाचव्या खंडातील (१९६३) वाचन सोबत ठेवावे आणि विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या गावांची यादी समोर घेऊन ग्रामनामांचे शेवट तपासावेत. गाव निश्चित सापडेलच असे नाही. ‘हे नाव त्याच नावावरून आले’ असे म्हणण्यासाठी किती पुरावा लागतो, हे समजणे अधिक मोलाचे आहे.

औंढा नागनाथ : वास्तूचे वाचन

कला-इतिहासाच्या अध्यापनासाठी औंढा येथील नागनाथ मंदिराइतके समृद्ध साधन जिल्ह्यात दुसरे नाही. तरीही आपली सहल तेथे दर्शन, भोजन व सामूहिक छायाचित्र यांवर संपते. हेन्री कझेन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात (१९३१) या मंदिराची दखल घेतली आहे. तो ग्रंथ आता इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतो. सहलीपूर्वी त्यातील वर्णन व चित्रे वर्गात पाहिली आणि नंतर प्रत्यक्ष वास्तूशी ताडून पाहिली, तर सहलीचे क्षेत्र-अभ्यासात रूपांतर होते.

मंदिराचा खालचा भाग कोरीव दगडाचा आहे. अनेक कोन करीत फिरणाऱ्या भिंती आणि त्यांवरील शिल्पांचे एकावर एक थर हे यादवकालीन वास्तूचे वैशिष्ट्य तेथे ठळक दिसते. वरचा भाग मात्र वीट व चुन्यातील, वेगळ्या घडणीचा व उघडच नंतरच्या काळातील आहे. दगड कोठे थांबतो आणि चुना कोठे सुरू होतो, ती रेषा विद्यार्थ्याने स्वतः कागदावर काढावी. ही रेषा म्हणजे एक विधान आहे : येथे काहीतरी खंडित झाले आणि कोणीतरी ते पुन्हा उभारले. केव्हा व कोणी, याचे उत्तर मात्र दगड देत नाही. परंपरा विध्वंसाचा संबंध औरंगजेबाच्या काळाशी आणि जीर्णोद्धाराचा संबंध अहिल्याबाई होळकरांशी जोडते. दृश्य पुरावा एवढेच सांगतो की वास्तूचे दोन काळ आहेत. पुढील भागासाठी कागद लागतो. दृश्य पुरावा, परंपरा व लेखी पुरावा यांची तीन वेगळी रकान्यांत नोंद करण्याची सवय येथे लागली, तर ती विद्यार्थ्याला आयुष्यभर उपयोगी पडेल. ज्या विषयावर सभोवती मोठ्या आवाजात बोलले जाते, त्या विषयावर शांतपणे पुरावा मागण्याचे हे शिक्षण आहे.

‘हेमाडपंती’ हा शब्दही येथेच तपासावा. हेमाद्री हा यादव राजे महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) यांच्या काळातील श्रीकरणाधिप. परंतु त्याच पठडीत गणले जाणारे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील, त्याच्याही दोन शतके आधीचे आहे. म्हणजे शैलीचे नाव लोकस्मृतीने दिले आहे. त्यावरून काळ ठरविता येत नाही. गावोगावच्या पडक्या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणण्यापूर्वी विद्यार्थी थबकला, तर अध्यापनाचे सार्थक झाले असे समजावे.

साधनसामग्री म्हणून मोजपट्टी, सुतळी, आलेखकागद व पेन्सिल एवढे पुरे. छायाचित्र क्षणात मिळते, पण रेखाटन करताना डोळा थांबतो व पाहू लागतो. चित्रकला येणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. इतिहासाच्या वर्गात त्यांना एरवी वाव मिळत नाही, तो येथे मिळतो. मंदिर हे जिवंत श्रद्धास्थान आहे, याचे भान ठेवून व्यवस्थापनाची व संबंधित विभागाची परवानगी आधी घ्यावी.

नरसी ते घुमान : एक कथा, तीन साधने

कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. काही जुन्या अभ्यासकांनी हे नरसी कऱ्हाडजवळ शोधले होते, तर काहींनी पंढरपूरचा पक्ष मांडला. हा वाद विद्यार्थ्यांपासून लपवू नये. आपल्या जिल्ह्याचा अभिमान आणि पुराव्याची शिस्त या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे दाखविण्याची ती संधी आहे.

याहून मौलिक उदाहरण नामदेव व औंढ्याचे देऊळ यांच्या कथेचे आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तेथून हटविले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याला बहुधा ठाऊक नसते ते हे की, १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी संपादित केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे असून त्यांपैकी एका पदात हाच प्रसंग आला आहे. त्या पदात स्थळाचे नाव नाही. हाकलून लावण्याचे कारण मात्र स्पष्ट आहे : गाणाऱ्याची जात. पदातील भक्त स्वतःला छिपा म्हणवितो आणि आपली जात हीन मानली जाते, असे सांगतो. मराठी परंपरेत नामदेव शिंपी, तर पंजाबी परंपरेत कापडावर ठसे उमटविणारे छिपा. व्यवसाय बदलला, पण अवमानाचा गाभा कायम राहिला.

येथे तीन साधने समोरासमोर येतात. पहिले, पंजाबात जतन झालेले पद. दुसरे, महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) सारख्या चरित्रग्रंथांतून व कीर्तनांतून आलेली मराठी परंपरा. तिसरे, औंढ्याची प्रत्यक्ष वास्तू. विद्यार्थ्यांनी नंदी, प्रवेशद्वार व गर्भगृह यांची स्थाने नकाशावर दाखवावीत आणि लोक या मांडणीचा अर्थ कथेच्या आधारे कसा लावतात, हे टिपावे. देऊळ खरोखर फिरले काय, हा इतिहासाचा प्रश्न नव्हे. अशी कथा कोणी, कोणासाठी व कोणत्या वेदनेतून सांगितली आणि शतकानुशतके जपली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. ख्रिस्तियन ली नोव्हेत्स्के यांनी नामदेवांवरील ग्रंथात सार्वजनिक स्मृती हीच अभ्यासाची वस्तू मानली आहे. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबातील घुमान येथे भरले, ही त्या स्मृतीची अलीकडील कडी होय. अभ्यासासाठी शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली नामदेव गाथा बहुतेक ग्रंथालयांतून मिळू शकते. मराठी विभागाच्या सहकार्याने हा घटक दोन्ही विषयांत संयुक्तपणे शिकविता येईल.

छावणीचे गाव : परक्या साधनाची चिकित्सा

हिंगोलीचे नाव इंग्रजी वाङ्मयात आले ते अनपेक्षित मार्गाने. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतील हरिसिंग या प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकिकत आहे. त्याने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना अधिकाऱ्याकडून मिळविला, ज्याचा तो माल होता त्या व्यापाऱ्याला साथीदारांसह ठार केले आणि तेच कापड छावणीत उघडपणे विकले. पहाऱ्यापासून थोड्याच अंतरावर पुरलेली प्रेते पुढे उकरून काढली, असा तेथील आशय आहे.

वर्गात हा मजकूर वाचताच विद्यार्थी कान टवकारतात, यात शंका नाही. खरा पाठ त्यानंतर सुरू होतो. ही माहिती प्रामुख्याने पकडलेल्या आरोपीच्या कबुलीवर आधारलेली आहे. कबुली कोणत्या परिस्थितीत दिली गेली? लेखक अधिकारीही आहे व कादंबरीकारही. त्याचा वाचक इंग्लंडात आहे. त्याला काय वाचायला आवडेल? १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत सामील असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. मग ‘ठग’ कोणाला म्हणायचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे गेला? अलीकडील संशोधकांनी ठगी ही कल्पना कितपत वस्तुस्थिती व कितपत वसाहती राज्याची घडण, याविषयी गंभीर मतभेद नोंदविले आहेत. खून झाले नाहीत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु वाटमाऱ्या, बेकार झालेला शिपाई व भटक्या जमाती यांना एकाच नावाखाली आणल्याने काय घडले, हा प्रश्न मराठवाड्यातील भटक्या-विमुक्त समाजातील विद्यार्थ्याला थेट भिडतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याकडे जाण्याची ही स्वाभाविक वाट आहे.

येथेच शोधाची एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत हिंगोलीच्या शेवटी जोड ‘ई’ आढळतो आणि वाशीमचे ‘बासिम’ होते. ‘बासिम’ व ‘बासमत’ यांच्यातील साम्यामुळे वाशीम व वसमत यांची गल्लत सहज होते. संगणकावर शोध घेताना गावाच्या नावाचे चार-पाच पर्यायी स्पेलिंग करून पाहावेत. अन्यथा साधन असूनही सापडत नाही. उर्दू ग्रंथांसाठी रेख्ताचे ई-ग्रंथालय, राष्ट्रीय अभिलेखागारासाठी ‘अभिलेख पटल’, प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ ही संकेतस्थळे उपयुक्त आहेत. मात्र विद्यार्थ्याला केवळ संकेतस्थळाचे नाव देणे म्हणजे त्याला ग्रंथालयाच्या दारात सोडून परत येणे होय. प्रथम एक पान एकत्र शोधावे, एकत्र वाचावे.

१९४८ : मावळती स्मृती

सर्वांत निकडीचे साधन मौखिक आहे. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आपण ध्वजवंदन व व्याख्यानाने साजरा करतो. परंतु १९४८ मध्ये दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. कागद जुना होतो तसा जपताही येतो. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही.

या विषयावर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचे विवेचन ही मान्यवर साधने आहेत. ती संघटना, नेतृत्व व सत्याग्रह यांचा इतिहास देतात. रझाकारांचा अत्याचार, सीमेवरील कॅम्प, गाव सोडून वऱ्हाडात गेलेली कुटुंबे यांच्या आठवणी घरोघरी मिळतात व त्या नोंदविल्याच पाहिजेत. त्याचबरोबर पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत अनेक ठिकाणी मुस्लीम वस्त्यांवर झालेल्या हिंसेची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींना पाठविले होते आणि त्यांचा अहवाल अनेक दशके सामान्य अभ्यासकांच्या हाती आला नव्हता, हेही अध्यापकाने सांगितले पाहिजे. एका बाजूचे दुःख सांगितल्याने दुसऱ्या बाजूचे दुःख खोटे ठरत नाही. आपल्या वर्गात दोन्ही प्रकारच्या घरांतील मुले शेजारी बसतात. त्यांच्यापैकी एकाला आपल्या आजीची आठवण वर्गात उच्चारण्याची चोरी वाटत असेल, तर आपला इतिहासाचा तास अपुरा आहे, असे म्हणावे लागेल.

मुलाखतीचे तंत्र सोपे आहे, पण शिस्तीचे आहे. ‘स्वातंत्र्यलढ्याविषयी सांगा’ असे म्हटले की वक्ता भाषण करतो. त्याऐवजी शाळा कोणत्या भाषेत होती, ज्वारी कोणाला द्यावी लागे, त्या पावसाळ्यात घरात काय शिजत होते, गावातून कोण गेले व कोण परत आले, असे विचारावे. निवेदकाची संमती घ्यावी. नाव गुप्त ठेवण्याची मुभा द्यावी. ध्वनिमुद्रणावर दिनांक व स्थळ नोंदवावे. त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. निवेदन जसेच्या तसे, बोलीसह लिहून घ्यावे. वऱ्हाडी वळणाची हिंगोलीची बोली ‘शुद्ध’ करून लिहिली, तर साधनाचा अर्धा भाग गमावला जातो.

स्त्रियांच्या स्मृतीसाठी प्रश्नावली पुरेशी नसते. त्यासाठी ओवीकडे जावे लागते. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांच्या पुढाकाराने ग्रामीण महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या आणि त्यांतील पुष्कळ आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्या कार्याचा आदर्श समोर ठेवून प्रत्येक विद्यार्थिनीने आपल्या घरातील दहा ओव्या नोंदविल्या, तरी एका वर्षात महाविद्यालयाचा स्वतःचा संग्रह उभा राहील. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणींनाही हीच रीत लागू पडते. त्या सांगणारे लोक अद्याप मोठ्या संख्येने आपल्यात आहेत.

अध्यापनातील उपयोजन व मर्यादा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या अभ्यासक्रमात क्षेत्र-प्रकल्पास श्रेयांक मिळाले आहेत. त्यामुळे वरील कामासाठी वेळ नाही, ही सबब आता पूर्वीइतकी टिकत नाही. धोका वेगळाच आहे : प्रकल्पही बाजारातून तयार मिळू लागतील. त्यावर उपाय म्हणजे प्रकल्पाची व्याप्ती लहान व नेमकी ठेवणे. ‘हिंगोली जिल्ह्याचा इतिहास’ हा विषय देऊ नये. ‘आमच्या गावच्या बारवेच्या पायऱ्यांची मोजणी व तिच्याविषयीच्या दोन आठवणी’ हा विषय द्यावा. तो कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही.

प्रत्येक साधनासाठी एक पानाचे नोंदपत्रक करावे : साधन काय, कोठे, कोणाच्या ताब्यात, कोणत्या भाषा-लिपीत, कोणी व का निर्माण केले, ते काय सांगते, कशाविषयी मौन पाळते, आणि त्याला छेद देणारे दुसरे साधन कोणते. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे होत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना दाखविले की कागद गोळा करणे ही इतिहासाची पहिली पायरी आहे. दा. ध. कोसंबी यांनी पुण्याभोवतीच्या टेकड्या व ग्रामदेवता पायी हिंडून पाहिल्या आणि कागद नाही तेथेही इतिहास वाचता येतो, हे सिद्ध केले. आपल्या विद्यार्थ्याला या दोन्ही परंपरांचा वारसा देता येतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. प्रवासखर्चाची तरतूद तुटपुंजी असते. अनेक विद्यार्थी हंगामात शेतात किंवा मजुरीवर असतात. वर्गाची संख्या मोठी असते. लिपी जाणणारे कमी असतात. म्हणून विद्यार्थ्याला दूर न नेता त्याच्या गावापासून सुरुवात करणे, हे तत्त्वतः योग्य आहेच, व्यवहारतःही तेच शक्य आहे.

निष्कर्ष

१. हिंगोली जिल्ह्याच्या इतिहासाची साधने राज्य, जिल्हा, भाषा व लिपी यांच्या बदलांमुळे विखुरली आहेत. ती नष्ट झाली किंवा मुळात नव्हतीच, हा समज चुकीचा आहे.

२. साधनांचा विखुरलेपणा हाच अध्यापनाचा प्रारंभबिंदू करता येतो. कागद कोठे आहे याचा शोध म्हणजे त्या प्रदेशावर कोणाची सत्ता होती याचा शोध होय.

३. प्रत्येक साधन दुसऱ्या साधनासमोर ठेवून शिकविल्यास अभिमान व चिकित्सा यांत विरोध राहत नाही. औंढ्याची वास्तू, आदिग्रंथातील पद व कीर्तनातील कथा यांचे उदाहरण या दृष्टीने अनुकरणीय आहे.

४. १९४८ विषयीच्या मौखिक साधनांचे संकलन तातडीने व दोन्ही बाजूंच्या स्मृतींना स्थान देऊन झाले पाहिजे.

५. प्रत्येक महाविद्यालयात मोडी व उर्दू यांचे किमान एक वाचक आणि स्थानिक साधनांचे एक कपाट असावे. नोंदपत्रके, ध्वनिमुद्रणे व रेखाटने परीक्षा संपल्यावर रद्दीत न जाता त्या कपाटात जावीत.

‘आमच्या आजोबांचा कागद काय म्हणतो?’ असा प्रश्न घेऊन विद्यार्थी इतिहास विभागाच्या दाराशी आला, तर त्याला वकिलाकडे किंवा दलालाकडे पाठवावे लागू नये. तो कागद त्याच्यासोबत बसून वाचता यावा, आणि कागद जे सांगत नाही तेही त्याला सांगता यावे, एवढी पात्रता आपण मिळविली तरी पुष्कळ झाले.